बीपीची गोळी आणि कोरोना

२०२० च्या मार्च-एप्रिलात एक धास्ती पसरली होती: बीपीच्या काही गोळ्यांमुळे कोरोना बळावतो म्हणे. शंका अगदीच हवेतली नव्हती. हा विषाणू पेशीत शिरतो एसीई-२ या प्रथिनाला धरून, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा संबंध हे प्रथिन ज्या साखळीत येतं तिच्याशीच. मग ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ जणांचे दोन गट केले. एकाच्या गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्याच्या महिनाभर थांबवल्या. थांबवून काहीच फायदा झाला नाही. अफवेला असं मोजूनमापून दिलेलं उत्तर मला फार आवडतं.

गंभीर आजारातून घरी आलेल्याचं बीपी मात्र वरखाली होऊ शकतं. स्टेरॉइडनं चढतं, बरेच दिवस अंथरुणाला खिळून उठलं की उतरतं, गरगरतं. म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नये, वाढवूही नये. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर. तेवढा वेळ गप्पा नकोत, बोलण्यानंही आकडा चढतो. (भेटायला आलेले पाहुणे नेमकं तेव्हाच हॉस्पिटलचं बिल विचारतात!) आकडे तारीखवार वहीत उतरवा आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.