विसाव्याची किंमत

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या वाटेला लागले की लिंबागणेश येते. भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे गावाचे नाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. बालाघाटच्या या माळावर पाऊस मोजका, जमीन हलकी आणि हाताला काम त्याहून मोजके. या भागातल्या वाड्यावस्त्यांवर आपली थोडी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. त्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी दोन दिवसांची आध्यात्मिक साधना, म्हणजे आपण ज्याला सर्रास रिट्रीट म्हणतो ती, भरवावी अशी माझी साधी इच्छा होती. साधना परवडणारी असावी एवढीच अट मी स्वतःला घातली होती. या ‘परवडणारी’ शब्दाने पुढे मला किती छळले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हे लेखन.

पहिल्या वर्षी मी शिरस्त्याप्रमाणे उपवासकाळ निवडला. शहरातील एका धर्मभगिनींच्या मठात राहण्याची सोय झाली आणि माणशी तीनशे रुपये ठरले. मिस्सानंतर मी घोषणा केली. एकही नाव आले नाही. रक्कम जड जात असेल असे वाटून मी ती दीडशेवर आणली. तरीही कोणी नाही. अखेरीस मागच्या बाजूला बसणाऱ्या एका वृद्ध मावशींनी मला बाजूला घेतले. त्या म्हणाल्या, “फादर, तुम्ही ज्यांना बोलवता त्या बाया हायत कुठं? साऱ्याजणी कोयत्यावर गेल्या. बाकावर बघा की, आम्ही म्हाताऱ्या अन् ही लेकरं.”

मी बाकांकडे पाहिले. इतक्या वर्षांत ते मी पाहिलेच नव्हते असे म्हणायला हवे.

ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो आणि ती कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, तर कधी कर्नाटकातही जाते. उपवासकाळ दरवर्षी नेमका या हंगामात पडतो. म्हणजे आपल्या उपासनावर्षातील सर्वांत गंभीर चाळीस दिवस या स्त्रिया फडात, पालाच्या खोपीत काढतात. राखेचा बुधवार त्यांना कपाळावर मिळत नाही; उसाच्या फडात राख-धूळ तेवढी मिळते. त्यांच्या वेळापत्रकाचा विचार न करता मी त्यांच्यासाठी साधना आखली होती, आणि ती स्वस्त केल्याचे समाधानही मानले होते.

“अन् दीडशाचं काही न्हाई,” मावशी पुढे म्हणाल्या, “खाड्याचं सांगा. त्यो कोण भरणार?”

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. फडात एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडतेच, शिवाय दंडही उचलीत चढतो. गावी परतल्यावर खुरपणीच्या दिवसांत दंड नसतो, पण रोज बुडतोच. तेव्हा या स्त्रीसाठी साधनेची किंमत म्हणजे मी ठरवलेली वर्गणी नव्हे. दोन दिवसांचा रोज, घरची शेळी, सासूचे औषधपाणी, धाकट्या लेकराला कोण सांभाळील याची घालमेल, हे सारे त्या किमतीत येते. आम्ही साधना भरवणारे लोक या सगळ्यातला सर्वांत लहान आकडा कमी करतो आणि त्याला सवलत म्हणतो.

या खाड्याची भीती किती खोल जाते, हे आपल्या जिल्ह्याने साऱ्या देशाला दाखवले आहे. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कारणे अनेक होती. मासिक पाळीत काम चुकू नये हे त्यांपैकी एक. विश्रांती मिळत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकायचा, इथवर ज्या व्यवस्थेने स्त्रीला आणले, त्या व्यवस्थेत ‘दोन दिवस देवाजवळ बसायला या’ हे निमंत्रण वरवरचे वाटले तर नवल नाही.

यावर एक उत्तर सहज दिले जाते: गरिबाचे श्रम हीच त्याची प्रार्थना, त्याला वेगळ्या साधनेची गरज काय? सेमिनरीत असताना मलाही हे वाक्य फार आवडे. आता त्याविषयी संशय येतो, कारण ते म्हणणारा बहुधा स्वतः विश्रांती घेऊन आलेला असतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने आम्हा धर्मगुरूंना साधनेला जाण्याचे बंधन घातले आहे. मी दरवर्षी जातो. माझ्या वाट्याची मिस्सा कोणी दुसरा करतो, जेवण वेळेवर येते आणि खर्च शेवटी श्रद्धावंतांच्या दानातूनच होतो. माझी प्रार्थना श्रमातच सामावली आहे असे मला कोणी सांगितले नाही. मग तिला का सांगावे? त्याच संहितेने आध्यात्मिक साहाय्य मिळणे हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क मानला आहे. हक्काला वर्गणी लावताना हात थोडा थरथरायला हवा.

अनुवादाच्या पुस्तकातील शब्बाथाची आज्ञा आपण देवाची उपासना एवढ्याच अर्थाने शिकवतो. तिथे मात्र दास आणि दासी यांनाही धन्यासारखाच विसावा मिळावा असे स्पष्ट कारण दिले आहे. आज्ञा धन्याला आहे. दासीला ‘तू वेळ काढ’ असे कोणी म्हटलेले नाही. आणि एलीया संदेष्टा! ईजबेलीच्या भयाने पळून, मरण मागून तो रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी ठेवले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबचा डोंगर आणि मंद वाणी त्यानंतर. आपल्या मराठीतही जनाबाईकडे देव दळू लागायला येतो. तो आधी जात्याच्या खुंट्याला हात घालतो, हे आपल्या लोकांनी किती अचूक ओळखले होते!

मग साधना सर्वस्वी फुकट ठेवावी का? दुसऱ्या वर्षी मी तसे जाहीर केले. एका दात्याकडून रक्कम मिळणार होती. त्यावर नाराज झाल्या त्या याच मावशी. “फुकटचं जेवून देवाला काय तोंड दाखवायचं?” असे त्या म्हणाल्या. मला विधवेची दोन नाणी आठवली, आणि इथे मी बराच अडखळलो. त्या कथेवर मी कितीतरी प्रवचने केली आहेत, बहुतेक मंदिराच्या दुरुस्तीसाठी दान मागताना. परंतु मार्कने ती कथा ठेवली आहे कुठे? विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा येशू निषेध करतो, त्याच्या लगेच पुढे. मग येशूने तिचे दान पाहिले ते कौतुकाने की दुःखानेही? मला वाटते, दोन्ही. देण्याचा मान तिच्याकडून काढून घ्यायचा नाही आणि तिची उपजीविका पेटीत पडते आहे हे पाहून स्वस्थही बसायचे नाही, अशी ती दुहेरी जबाबदारी आहे.

म्हणून तोडगा निघाला तो शिध्याचा. जिला जमेल तिने ज्वारी, डाळ, मिरची, जे असेल ते आणावे. सारे एकाच कणगीत पडावे; कोणी किती आणले याची वही नको. दात्याची रक्कम अन्नावर खर्चायची नाही. ज्या रोजावर जातात त्यांच्या बुडालेल्या रोजासाठी ती ठेवायची. यावर समितीतील काही पुरुषांनी विचारले, “प्रार्थनेला यायचे पैसे द्यायचे का?” प्रश्न चुकीचा नाही. पण आपण प्रार्थनेचे पैसे देत नाही, खाडा भरतो. फरक बारीक आहे आणि तो मी अजूनही त्यांना पुरेसा पटवू शकलेलो नाही.

जागेसाठी शहर नको असे बायांनीच सांगितले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे प्रवासाचा बोजा हलका झाला खरा. पण रात्री घरापासून फार लांब राहणे धाकट्या सुनांना जमत नाही. संत इग्नेशियसने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या प्रास्ताविक सूचनांत साधना माणसाच्या वयाला, शिक्षणाला, शक्तीला जुळवून द्यावी असे बजावले आहे, आणि कामात गुंतलेल्याला रोज दीड तासाचीही मुभा दिली आहे. स्पेनमधील अल्काला येथे १५२६-२७ मध्ये त्याच्याकडे येणाऱ्यांत विधवा, मोलकरणी, साध्या घरच्या मुली होत्या; त्यावरून त्याची चौकशी झाली, तुरुंगवासही घडला. पोप तिसरे पॉल यांची या ग्रंथाला मान्यता मिळाली ती नंतर, १५४८ साली. मठाच्या शिस्तीतली साधना हीच खरी आणि वस्तीवरची कमअस्सल, असे मानायला आधार दिसत नाही.

खरी अडचण चुलीची निघाली. साधनेला आलेल्या स्त्रियांनीच पाळीपाळीने भाकरी थापायच्या असतील, तर घरची चूल सोडून त्या सार्वजनिक चुलीपाशी आल्या एवढेच. मार्थेला आपण दोन हजार वर्षे समजावतो आहोत. तिच्या हातातले काम मात्र कोणी घेत नाही. आचारी परवडत नाही. मी पुरुषांनी स्वयंपाक करावा असे सुचवले. बैठकीत हशा झाला. फडावर बायको आजारी पडली की हेच पुरुष खोपीत भात शिजवतात, हे मला ठाऊक आहे. गावात मात्र चालत नाही! शेवटी चौघे तयार झाले. भाकरी नकोत, खिचडी आणि पिठले चालेल, अशा अटीवर. मी पाचवा. माझ्या खिचडीबद्दल मठातील भगिनींचे मत फारसे चांगले नाही.

यंदा दिवस ठरवले आहेत ते ऑगस्टमधले, १५ तारखेच्या पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला लागून. त्या सुमारास खुरपणी उरकत आलेली असते आणि मूग-उडदाची तोडणी व्हायची असते. पावसाने ओढ दिली किंवा फार लावून धरला, तर तेही बदलावे लागेल. सतरा नावे आली आहेत. पहिल्या दुपारी प्रवचन नाही. जेवण, आणि मग ज्यांना झोपायचे त्यांनी झोपावे, असे मी कार्यक्रमपत्रिकेत लिहिले. एका तरुण सुनेने ते वाचून विचारले, “फादर, खरंच झोपलं तर चालंल? कोणी उठवणार न्हाई?”

कोणी उठवणार नाही, असे मी सांगितले. तिच्या शेळ्यांचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे.