पाहुण्याचा धर्म

यजमानाने कसे वागावे हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरून गेले आहे. दारी आलेल्याला देव मानावे, असे तैत्तिरीय उपनिषद सांगते; आणि पाहुण्याच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढताना आपण तो उपदेश अजूनही पाळतो. पण पाहुण्याने कसे वागावे? याविषयी घरोघर एकच सूत्र ऐकू येते : लोकांना त्रास देऊ नये. सोळाव्या वर्षी हे सूत्र पदरी बांधून मी दहा महिन्यांसाठी परदेशी गेलो, आणि ते किती अपुरे आहे हे कळायला मला तिथली नाताळची सुट्टी उजाडावी लागली.

ही १९९४ सालची गोष्ट. शाळकरी मुलांची देशोदेशी अदलाबदल करणाऱ्या योजनांपैकी एकीतून मी अमेरिकेत आयोवा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात राहत होतो. या योजनांचा एक उगम रणांगणावर आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवकांचे एक पथक होते, अमेरिकन फील्ड सर्व्हिस नावाचे. दुसऱ्या महायुद्धातही त्याने तेच काम केले. युद्ध संपल्यावर या मंडळींना वाटले की, जखमी उचलण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून काही करावे. आणि १९४७ पासून त्यांनी परदेशी शाळकरी मुलांना अमेरिकन घरांत आणून ठेवण्यास आरंभ केला. अशा बहुतेक योजनांत यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. कोणाचे तरी मूल वर्षभर आपले म्हणून सांभाळायचे, एवढाच तो व्यवहार.

पहिल्याच रात्री माझ्या सूत्राची परीक्षा झाली. बटाट्याचे भांडे माझ्यापुढे आले, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे मी म्हणालो, "नको, पुरे झाले." आपल्याकडे पहिल्या दोन नकारांना कोणी नकार समजत नाही. तिथे मात्र लोक दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात! भांडे पुढे गेले आणि मी अर्धपोटी झोपलो. तरीही आपण शहाण्यासारखे वागलो, याचे मला समाधान वाटत होते.

नोव्हेंबरच्या ३ तारखेला, गुरुवारी, लक्ष्मीपूजन होते. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आयोवात सकाळचे साडेसात झालेले असतात. घरी आई समया लावीत असेल त्या घटकेला मी मक्याच्या कापलेल्या शेताकडेला, थंडीत, शाळेच्या पिवळ्या बसची वाट पाहत उभा होतो. दिवसभर शाळा झाली, गणिताची चाचणी झाली. घरात मी कोणाला काही बोललो नाही. उगाच कशाला त्यांना त्रास?

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, त्यांचा आभारप्रदर्शनाचा सण आला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, हसलो, घरातल्या धाकट्याबरोबर बर्फात लोळलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एकाएकी अपराध्यासारखे वाटू लागले. स्वतःच्या सणाला ज्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, तो दुसऱ्यांच्या सणात इतका रमावा?

डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास आईचे पार्सल आले. तिने ते नवरात्रातच टाकले होते, पण ते रमतगमत आले. वरच्या कागदावर तिने इंग्रजीत 'दिवाळीचा फराळ' असे लिहिले होते. घरच्या बाईंनी ते वाचले आणि विचारले, "ही दिवाळी कधी असते?"

"झाली," मी म्हणालो. "दीड महिना झाला."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी सकाळी तू माझ्यासमोर बसून नाश्ता केलास आणि काही बोलला नाहीस."

"तुम्हाला त्रास होईल असे वाटले."

"त्रास नको असता तर आम्ही दुसऱ्याचे मूल घरी आणले असते कशाला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. मागे शेगडीच्या फळीला नाताळचे लोकरी मोजे टांगले होते. चार जुने आणि एक नवा. नव्यावर माझे नाव विणलेले होते. तो त्यांनी ऑगस्टपासून, मी झोपल्यावर, विणला होता.

त्या मोज्याकडे पाहताना मला प्रथमच कळले की, ज्याला मी संकोच म्हणत होतो तो बराचसा अहंकार होता. 'मला काही नको' म्हणण्यात 'मला तुमच्या ऋणात राहायचे नाही' हा अर्थ दडलेला असतो. शिवाय माझा हिशेब एकतर्फी होता. त्यांचा सण मी मोकळ्या हातांनी घेतला होता आणि माझा मात्र ट्रंकेत कुलपात ठेवला होता. योजनेचे नाव अदलाबदल. मी नुसतेच घेत होतो.

आणि खरे सांगायचे तर, याच्याही तळाशी एक भीती होती. या घरात मी माझी पणती लावली तर हे घर माझे होईल. आणि हे माझे झाले तर पुण्याचे तितके उणे होईल. सोळाव्या वर्षी माणसाला माया ही वाटीतल्या तुपासारखी वाटते. एकाला वाढली की दुसऱ्याला कमी.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मोडलेल्या चकल्या आणि करंज्यांचा चुरा काचेच्या भांड्यात घालून टेबलाच्या मध्यभागी ठेवला. पार्सलातली एक पणती फुटली होती, दुसरी मेणबत्तीशेजारी खिडकीत लावली. मग आजोबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहाटेच का न्हायचे? उटण्यात काय असते? ते कडू फळ पायाखाली का चिरडायचे? मी नरकासुरापर्यंत कसाबसा पोहोचलो आणि थांबलो. इतकी वर्षे मी दिवाळी केली होती, पण ती मला ठाऊक नव्हती! त्याच रात्री मी आजीला अकरा प्रश्नांचे पत्र लिहिले. जानेवारीत तिचे चार पानी उत्तर आले. एका प्रश्नापुढे तिने लिहिले होते, "हे मलाही कोणी सांगितले नाही, पण करीत आले." पुण्याचे घर मला त्या पत्राइतके जवळचे पूर्वी कधी वाटले नव्हते. वाटीतले तूप कमी झाले नव्हते.

पाहुण्याचा धर्म हा केवळ घरगुती शिष्टाचार नव्हे, हे मला पुढे इतिहास वाचताना उमगले. ज्या आभारप्रदर्शनाच्या जेवणाला मी पोटभर जेवलो, त्याची कथा १६२१ सालच्या प्लिमथ वसाहतीपर्यंत नेतात. समुद्रापलीकडून आलेल्या इंग्रजांच्या पहिल्या सुगीच्या भोजनात वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट आपल्या सुमारे नव्वद माणसांसह तीन दिवस सामील झाला होता. भूमी त्याची होती. पाहुणे ते होते. पुढच्या पिढीत त्याच पाहुण्यांशी झालेल्या युद्धात मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ साली मारला गेला. १९७० पासून तिथल्या मूळ रहिवाशांपैकी काहीजण त्याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. पाहुणा नुसता घेतच राहिला की त्याचा शेवट कुठे होतो, हे सांगायला याहून मोठे उदाहरण नको.

मग घेतलेले फेडायचे कसे? निघताना मी बाईंना हे विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि माझ्या बॅगेत तो मोजा कोंबू लागल्या. उत्तर मला पुष्कळ वर्षांनी शतपथ ब्राह्मणात सापडले. माणूस जन्मतःच ऋणी असतो, असे तिथे म्हटले आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे आपण नेहमी मोजतो. तिथे चौथे ऋण सांगितले आहे ते माणसांचे. ते फिटते माणसांना आसरा आणि अन्न दिल्याने. या ऋणांची गंमत अशी की, ज्याच्याकडून घेतले त्याला ती परत करता येत नाहीत. पितरांचे ऋण मुलांना वाढवून फिटते, ऋषींचे शिकून फिटते. तसेच आयोवाचे ऋण आयोवात फिटणार नव्हते.

२०१९ साली आमच्याकडे एक जर्मन मुलगा राहायला आला. वय सतरा. फार गुणी, कोणाला कसला त्रास म्हणून नाही. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी त्याच्या खोलीचे दार लवकर बंद झाले. मी दार वाजवून विचारले, "आज तुमच्या घरी काय करतात?"

"काही नाही," तो म्हणाला.

ते 'काही नाही' माझ्या ओळखीचे होते. मी तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने त्याने सांगितले की, त्यांच्याकडे भेटी याच संध्याकाळी उघडतात, आणि जेवायला बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज असते. सॉसेज आमच्या घरात नव्हते; ते त्याने माफ केले. बटाटे होते. माझ्या पत्नीने कुकर लावला आणि सोलायला त्यालाच बसवले. ऐंशी वर्षांची आई शेजारी येऊन उभी राहिली. मोहरी वाटून घालायची म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "वरून फोडणी द्यायची का रे?" तिने विचारले.

त्याने क्षणभर विचार केला. "आधी आमची कशी करतात ते दाखवतो, आजी," तो म्हणाला. "मग फोडणी द्या."