झटका कुणाचा, कर्ता कोण?

तंजावूरच्या राजवाड्यात लोक सरस्वती महाल ग्रंथालय बघतात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या संगमरवरी पुतळ्यापाशी घुटमळतात आणि परततात. याच राजांनी धन्वंतरी महाल चालवला होता. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक तिथे एकत्र नांदत होते. नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही आहेत.

सरफोजी गादीवर असतानाच, 1825 साली, पॅरिसच्या ज्याँ इतार या डॉक्टरांनी एका उमराव घराण्यातल्या बाईंची हकीकत छापली. त्यांच्या अंगाला झटके येत आणि भर बैठकीत तोंडून शिव्या बाहेर पडत. पुढे 1885 मध्ये जिल द ला तुरेत यांनी अशा नऊ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि विकाराला त्यांच्यावरूनच टुरेट हे नाव पडले. शिव्या मात्र थोड्याच रुग्णांच्या तोंडी येतात. बाकीच्यांची पापणी फडफडते, खांदा उडतो, घशातून आवाज निघतो. शिंकेआधी नाकात हुळहुळते तशी आधी आतून ऊर्मी येते. ती थोडा वेळ दाबता येते, आणि इथेच घोटाळा होतो. दाबता येते म्हणजे मुद्दामच करतो, असे मास्तर ठरवतात. घरच्यांना अंगात आल्याचा संशय येतो.

मग झटक्याचा कर्ता कोण? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन असेच विचारतो: इच्छा नसताना, कुणी जबरदस्तीने जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? श्रीकृष्ण काम आणि क्रोधाकडे बोट दाखवतात. या रुग्णापुरते ते उत्तर अपुरे पडते. त्याच्या शिवीत राग नसतो आणि झटक्यात वासनाही नसते.

समर्थ रामदास इथे जास्त उपयोगी पडतात. तंजावरात रामदासी मठ होते, त्यामुळे दासबोध तिथे परका नव्हता. तिसऱ्या दशकात समर्थ देहाच्या रोगांची भलीमोठी यादी देतात आणि ती आध्यात्मिक, म्हणजे स्वतःच्या देहातूनच उपजणाऱ्या, तापात घालतात. यमयातनांच्या आधिदैविक तापात नाही. झटका हा देहाचा भोग ठरला, की त्यावर इलाज करायला धर्माची आडकाठी उरत नाही.

आजचा सर्वांत धाडसी इलाज म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार कवटीतून थॅलॅमस किंवा ग्लोबस पॅलिडस या खोल भागात सोडतात. छातीच्या कातडीखाली बसवलेले यंत्र तिला विजेचे सूक्ष्म स्पंद पुरवते. टुरेटच्या रुग्णावरचा असा पहिला प्रयोग नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केला. 2018 मध्ये 10 देशांतल्या 185 रुग्णांची माहिती एकत्र आली: वर्षभरात झटक्यांची तीव्रता सरासरी 45 टक्के घटली, पण एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना काही ना काही दुष्परिणाम झाले. त्याच्या आदल्याच वर्षी छापलेल्या फ्रेंच चाचणीत, तीन महिन्यांनंतर, यंत्र चालू असलेल्या आणि बंद असलेल्या गटांत ठळक फरक दिसला नव्हता. उपचार अजून प्रायोगिकच आहे.

झटके गेले, तर मागे उरतो तो कोण? मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ज्याच्याविषयी लिहिले तो टुरेटचा रुग्ण रे हा ड्रमवादक आठवड्याचे दिवस गोळ्या घेई आणि शनिवार-रविवार बंद ठेवी, कारण त्याच्या वादनातली तडफ झटक्यांसोबत ओसरे. सांख्यांना ही अडचण भासणार नाही. मन, बुद्धी, अहंकार सारे प्रकृतीचेच. तार शिरली तरी साक्षी पुरुष अस्पर्श राहतो. युक्तिवाद निर्दोष आहे, पण रेला त्याचा काय उपयोग? त्याला ढोल वाजवायचा होता, आणि तो साक्षीला वाजवता येत नाही.

म्हणून निवड रुग्णानेच करायला हवी. औषधे आणि वर्तनोपचार थकल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. शिवाय पुष्कळ मुलांचे झटके मोठेपणी आपोआप निवळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी आईवडील तारेची चौकशी करू लागले, तर डॉक्टरांनी आधी मुलाला एकट्याला बसवून विचारावे: त्रास तुला होतो, की लोक बघतात म्हणून घरच्यांना?