परक्या बाळाची वाकळ



आपल्याकडे बाळ जन्मले की माहेरहून बाळंतविडा येतो. टोपरे, कुंची, झबली, लंगोट, दुपटे आणि एक मऊ वाकळ. ज्या घरी काही नाही त्या घरीही आजी आपल्या जुन्या लुगड्याची घडी काढते आणि सुईत दोरा ओवते. प्रश्न असा की, जिचे माहेर जवळ नाही अशा परक्या बाईच्या बाळासाठी आपण बाळंतविडा शिवावा काय? आणि शिवला तर ते दान कसे असावे?

हा प्रश्न पुस्तकी नाही. दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे बीड व आसपासच्या कोरडवाहू भागातून ऊसतोड कामगार सातारा-सांगलीत येतात. वाळवा तालुक्यात काय किंवा कऱ्हाड तालुक्यात काय, उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हात थांबत नाहीत. दिवस भरत आलेल्या बायाही मोळ्या उचलतात. गळीत हंगाम ऐन थंडीतला, आणि बाळ काही हंगाम पाहून जन्म घेत नाही. त्या बाईचे माहेर शेकडो किलोमीटर दूर राहिलेले असते. तिचा बाळंतविडा कोणी आणायचा?

आपल्यातले काहीजण म्हणतील, दिलेल्या कापडाचा आम्हाला वीट आला आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. गावगाड्यात महाराच्या हक्कात प्रेतावरचे कापड होते. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले नेसायचे आणि देणाऱ्यापुढे वाकायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. ती आपण टाकली, हे योग्यच केले. मग आता आपण दुसऱ्या गरिबाला कापड देणार, म्हणजे काल जो ओट्यावर बसून देत होता त्याच्या जागी आज आपण बसणार काय?

याचे उत्तर शोधताना विनयपिटकाकडे पाहावे. आरंभी भिक्खू स्मशानात आणि उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या वेचीत, धूत, रंगवीत व त्यांचे चीवर शिवीत. जीवक वैद्याने विनंती केल्यावर गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यास भगवान बुद्धांनी अनुज्ञा दिली. पुढे मगधातील बांधाबांधांची शेते पाहून तशा तुकड्यांचे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ते तसे बेतले. आपल्या आज्यांच्या वाकळेची ठेवणही अशीच तुकड्यातुकड्यांची असते.

आता विचार करा. स्मशानातले कापड महाराच्या वाट्याला आले आणि भिक्खूच्याही अंगावर होते. मग एकाचा अपमान का झाला आणि दुसऱ्याचा का झाला नाही? एकावर ते जन्मावरून लादले होते, दुसऱ्याने ते समजून उमजून उचलले होते. तेव्हा दोष कापडात नाही, जुनेपणात तर नाहीच. देणाऱ्याने घेणाऱ्याची पायरी ठरवली की कापड विटाळते. बावीस प्रतिज्ञांत आपण दहा पारमितांचे पालन करण्याचे वचन दिले आहे आणि दान ही त्यांतली एक आहे. पायरी ठरवून दिलेली वस्तू दानात मोजता येणार नाही.

म्हणून परक्या बाळासाठी शिवायला बसताना पहिली कसोटी ही ठेवावी : हे टोपरे मी माझ्या नातवाच्या डोक्यावर घालीन काय? उत्तर नाही असे आले तर ते देऊ नये. नवजात बाळाला खळीच्या कडक नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे बरे; पण ते विरलेले, डागाळलेले नसावे. साबणाने गरम पाण्यात धुवावे, कडक उन्हात वाळवावे. गुंड्या व लांब नाड्या लावू नयेत. काळा दोरा, ताईत तर नकोच.

दुसरी कसोटी, देताना काही मागू नये. जात विचारू नये, आभाराची वाट पाहू नये, बाळंतिणीला उभी करून फोटो काढू नये. बाळाला कधीच कळणार नाही की कुंची कोणी शिवली. पण आईला कळते, आणि देणाऱ्याची नजर तिला आधी कळते.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. आपल्या वाकळेने तिच्या हक्काचा प्रश्न झाकला जाऊ नये. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ झपाट्याने गार पडते, आणि अंगाच्या मानाने मोठे असलेल्या डोक्यातून पुष्कळ ऊब जाते. म्हणून टोपरे लागते. पण सर्वांत चांगली ऊब आईच्या छातीशी असते. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि ती जगभर गेली. जी आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत फडात जाते, तिने बाळाला छातीशी धरायचे केव्हा? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच सांगितले होते की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशासाठी झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. मुकादमाच्या उचलीवर आलेल्या बाईच्या कोपीपर्यंत मात्र ती रजा पोचणे फार अवघड आहे. वाकळ देणाऱ्याने हेही बोलले पाहिजे. नुसते बोलून मात्र आजची रात्र उबदार होत नाही, म्हणून बोलणाऱ्याने सुईही धरली पाहिजे.

पाचव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही समजूत आपण सोडली. ती सोडल्यावर एक जबाबदारी आपल्यावर येते. त्या रात्री बाळ उबेत होते की गारठ्यात, हे कोणत्याही देवीच्या हाती नाही. ते आसपासच्या माणसांच्या हाती आहे.

तेव्हा रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर बसावे. वयस्कर बायांनी टाके घालावेत, मुलींनी शिकावे, पुरुषांनी कापड धुऊन वाळवून आणावे. हे काम बायांचेच असे समजू नये. शासकीय रुग्णालयात द्यायचे असेल तर आधी तिथल्या सिस्टरना विचारावे, कारण नवजात बालकांच्या विशेष कक्षात बाहेरचे कापड चालेलच असे नाही. कोप्यांवर जायचे असेल तर हंगामाच्या आरंभीच जावे, थंडी पडण्याची वाट पाहू नये. आणि वाकळ देऊन लगेच परतू नये. ओल्या बाळंतिणीजवळ थोडे बसावे, माहेरची माणसे बसतात तसे.