कुंभाराचं गाढव आणि बुलेटचं हँडल

धुळे–जळगाव महामार्गावर, पारोळ्याच्या आसपास एखाद्या गॅरेजसमोर जुनी बुलेट येऊन थांबते. "हँडल हालस, भाऊ," एवढीच तक्रार. साठच्या पुढे गेलं की पुढचं चाक थरथरतं. मालकाने कारणही ठरवूनच आणलेलं असतं: नवा टायर टाकला तेव्हापासून!

आधी टायर, मग थरथर, म्हणजे टायरमुळेच थरथर. नैयायिकांनी ही घाई कधीच पकडली होती. सतराव्या शतकात विश्वनाथाने 'भाषापरिच्छेदा'त कारणाचा विचार करताना कुंभाराच्या गाढवाला बाजूला काढलं. माती त्याच्या पाठीवरून आली, घडा होण्याआधी ते हजर होतं, पण त्याच्यावाचून घड्याचं काही अडत नाही. अशा उपऱ्याला न्यायशास्त्रात 'अन्यथासिद्ध' म्हणतात. नवा टायर असंच गाढव असेल. नसेलही. बसल्या जागी ते कळायचं नाही.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करायचं. फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली आणि बोटांना 'टक्' जाणवलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, ढिला. हँडल सावकाश वळवताना बरोबर मध्यावर अडखळलं, तर गोळ्यांनी वाट्यांत खाचा पाडल्या. चाक वर-खाली धरून आडवं हलवलं की बेअरिंगची झीज हाताला लागते. फिरत्या रिमजवळ खडू धरला की आउट दिसतो. एवढं झाल्यावर उठून मागे जायचं, आणि बरेच जण इथेच कंटाळा करतात. स्विंग आर्मचं बुश झिजलेलं असेल, किंवा चेन ताणताना मागचं चाक तिरकं बसलं असेल, तर दोष मागे आणि बोंब पुढे.

दोष राहतो कुठे, या प्रश्नाचा फार वरच्या पातळीवरचा काथ्याकूट शेजारच्या अमळनेरात झाला आहे. प्रताप शेठजींनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथले जी. आर. मलकानी यांनी रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासह 1933 साली 'अज्ञान' नावाचा ग्रंथच काढला. अज्ञानाचा आश्रय कोण, हा तर अद्वैतातला जुना वाद: भामतीकार जीवाकडे बोट दाखवतात, विवरणकार ब्रह्माकडे. वेदान्त्यांना असं गॅरेजात ओढणं आगाऊपणाचंच. पण मिस्त्रीची एक सोय त्यांच्यापाशी नाही. त्याला नट सोडून बघता येतो.

तेही एका वेळी एकच. हवा तपासून एक चक्कर, जुना टायर चढवून दुसरी. असेल तर होतं, नसेल तर होत नाही: अन्वय आणि व्यतिरेक, ग्रीसने माखलेल्या हातांनी.

तरीही एक फसगत उरते. कोनसेट जरा जास्त आवळला की थरथर दबते, मालक खूश होतो, आणि बाजारातून हळू जाताना गाडी नागमोडी पळू लागते. न्यायमताने कार्य घडतं ते सगळी कारणसामग्री जमल्यावर. तिच्यातलं एक काही काढलं तरी कार्य थांबतं. म्हणून टायर बदलून हँडल शांत झालं, तरी तेवढ्याने टायर गुन्हेगार आणि बुश निर्दोष ठरत नाही. बुश उघडून बघावंच लागतं.