‘आम्ही’ची ठेव : सहप्रवास, वाळवंट आणि लेखनाची नैतिकता

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रवासी आणि प्रदेश यांच्या संबंधाचा विचार पुष्कळ झाला आहे. पाहणाऱ्याची दृष्टी, तिच्यातील वासाहतिक अहंता, परक्याचे केले जाणारे चित्रण हे विषय आता परिचयाचे आहेत. त्या मानाने प्रवासी आणि सहप्रवासी यांच्यातील संबंध दुर्लक्षित राहिला आहे. दोघे एकाच गाडीतून, एकाच वाटेने जातात. लिहितो मात्र बहुधा एकच. मग दुसऱ्याने सोसलेले, पाहिलेले आणि बोललेले यांवर लिहिणाऱ्याचा अधिकार कोणता? हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून नीतीचा आहे. आणि तो ‘आम्ही’ या एका सर्वनामात दडलेला आहे.

मराठीत या सर्वनामाचे स्वरूप विशेष उद्बोधक आहे. ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेतो, ‘आम्ही’ त्याला वगळतो. शिवाय ‘आम्ही’ आदरार्थी वा अधिकारदर्शकही असू शकतो. म्हणजे बोलणारा एकटा असूनही अनेकवचन वापरू शकतो. ‘आम्ही पहाटे निघालो’ या साध्या वाक्यात त्यामुळे दोन शक्यता संभवतात. एक तर दोघांचा अनुभव खरोखर सामायिक असेल, किंवा एकाच्या ‘मी’ने दुसऱ्याला आपल्या पोटात घेतले असेल. आणखी एक गुंता असा की, हे वाक्य सहप्रवाशानेच पुढे वाचले, तर तो एकाच वेळी त्याच्या आतही असतो आणि बाहेरही. कर्ता म्हणून आत, श्रोता म्हणून बाहेर. इंग्रजी वा फ्रेंच सर्वनामांत हा भेद नाही. म्हणूनच त्या भाषांतील प्रवासग्रंथ वाचताना मराठी वाचकाच्या हाती एक वेगळे साधन असते.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर 1935 सालच्या एका प्रवासात सापडल्यासारखे वाटते. पीटर फ्लेमिंग हा इंग्रज वार्ताहर आणि एला मायार ही स्विस प्रवासिनी त्या वर्षी पेकिंगहून निघून मध्य आशियातील वाळवंटी मुलखातून सात महिन्यांनी श्रीनगरला पोहोचली. फ्लेमिंगचे ‘न्यूज फ्रॉम टार्टरी’ 1936 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मायारचे पुस्तक 1937 मध्ये. एका वाटेची दोन पुस्तके झाली, तेव्हा न्याय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु दोन साक्षी जुळवून घटनेचे तथ्य ठरवता येते. एकाने दुसऱ्याचे काय देणे लागते, हे त्यावरून ठरत नाही. वर्णन अचूक असूनही अन्यायकारक असू शकते. शिवाय येथे दोघेही लिहिते होते, दोघांनाही आपापले वाचक होते. खरी कसोटी ही समतोलता ढळते तेथेच लागते.

ती 1939 च्या प्रवासात ढळली. त्या वर्षीच्या जून महिन्यात मायार आणि आनेमारी श्वार्झेनबाख या दोघी फोर्ड गाडीने जिनिव्हाहून काबूलकडे निघाल्या. इस्तंबूल, काळ्या समुद्रावरील त्राब्झोन, मग तेहरान, मशहद, हेरात आणि उत्तर अफगाणिस्तानातील वाट असा त्यांचा मार्ग होता. श्वार्झेनबाख लेखिका आणि छायाचित्रकार होती. ती मॉर्फिनच्या व्यसनाने ग्रस्तही होती. तिला त्यातून बाहेर काढता येईल, ही आशा मायारच्या मनात होती. ती सफल झाली नाही. महायुद्ध सुरू झाले, दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1940 च्या आरंभी श्वार्झेनबाख मुंबईहून जहाजाने युरोपला परतली आणि 1942 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी मरण पावली. मायारचे ‘द क्रूएल वे’ 1947 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहप्रवासिनी आहे, पण तिचे नाव ‘क्रिस्टिना’ आहे.

या प्रवासात वाळवंट आणि बंदर ही केवळ भौगोलिक स्थळे राहत नाहीत. त्या सहवासाच्या दोन नैतिक अवस्था ठरतात. वाळवंटात विलग होण्याची सोय नसते. एकच गाडी, एकच पाण्याचा साठा, पुढचे गाव दूर; तेथे सोबत टिकते ती निष्ठेमुळे की निरुपायाने, हे सांगता येत नाही. बंदरात मात्र जहाज उभे असते. तेथे डॉक्टर असतो, वकिलात असते, परतीचे तिकीट असते. सोडून जाणे जेथे शक्य आहे, तेथेच न सोडण्याला नैतिक मूल्य येते. वाळवंटातील ‘आम्ही’ परिस्थितीने घडवलेला असतो. बंदरातील ‘आम्ही’ निवडावा लागतो. प्रवासवर्णने वाळवंटातील सोबतीचा गौरव करतात आणि बंदरातील ताटातूट चार ओळींत उरकतात, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय ठरते.

लेखन हेही एक बंदरच आहे. प्रवास संपलेला असतो, निरुपाय उरलेला नसतो; आता ‘आम्ही’ लिहायचे की नाही, ही लेखकाची मुक्त निवड असते. मायारने नाव बदलले. याचे समर्थन करता येते: दिवंगत व्यक्तीची विकलता जगापुढे मांडताना तिला आडोसा देणे हे सौजन्यच होय. परंतु नाव झाकल्याने व्यक्ती सुरक्षित होते, तशी तिची साक्षही झाकली जाते. ‘क्रिस्टिना’ला ओळखणाऱ्या वाचकाला श्वार्झेनबाखच्या लेखांकडे जाण्याची वाट ग्रंथातून मिळत नाही. त्याच प्रवासाविषयी तिने लिहिलेले लेखन जर्मनमध्ये पुस्तकरूपाने आले ते 2000 साली. म्हणजे करुणेने दिलेला आडोसा आणि मौन लादणारी भिंत यांतील अंतर लेखकाच्या हेतूवर अवलंबून नसते.

मायारने युद्धकाळ दक्षिण भारतात, रमण महर्षींच्या सान्निध्यात काढला. ‘मी कोण?’ हा महर्षींचा केंद्रवर्ती प्रश्न. आत्मशोधाला तो पुरेसा असेल. सहप्रवासाच्या लेखनाला मात्र त्याच्या जोडीने ‘ती कोण?’ हाही प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर लिहिणाऱ्याच्या अंतरंगात मिळत नाही. मायारच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, आपले अपयश तिने लपवले नाही. ही प्रामाणिकता मोठी आहे. पण ती स्वतःविषयीची आहे.

याउलट उदाहरण हुलिओ कोर्तासार आणि कॅरल डनलॉप या दांपत्याचे. 1982 च्या मे-जूनमध्ये त्यांनी पॅरिसहून समुद्रकाठच्या मार्सेयपर्यंतचा, एरवी काही तासांचा, महामार्ग तेहतीस दिवसांत पार केला. मार्ग सोडायचा नाही, रोज दोन विश्रांतिस्थळी थांबायचे, हा नेम. पुस्तक दोघांनी मिळून लिहायचे होते. नोव्हेंबरमध्ये डनलॉपचे निधन झाले. कोर्तासारने ते पूर्ण केले आणि 1983 मध्ये ते दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. अर्थात दोन नावांनी विषमता नाहीशी होत नाही. अखेरची मांडणी हयात राहिलेल्याचीच असते. परंतु येथे ती विषमता उघडपणे मान्य केलेली आहे, आणि दुसऱ्याचा शब्द त्याच्याच नावाने शिल्लक आहे.

मराठीलाही हा प्रश्न परका नाही. ‘अपूर्वाई’ 1960 मध्ये आले. त्या प्रवासात पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत सुनीताबाई होत्या. त्यांचे ‘आहे मनोहर तरी’ तीस वर्षांनी, 1990 मध्ये आले. ते प्रवासवर्णन नव्हे. पण एका सुपरिचित ‘आम्ही’तील दुसऱ्या व्यक्तीचा ‘मी’ तेथे प्रथमच इतक्या विस्ताराने उच्चारला गेला. ते वाचल्यानंतर पूर्वीची पुस्तके खोटी ठरत नाहीत. त्यांतील ‘आम्ही’ मात्र पूर्वीइतका एकसंध वाटत नाही.

तात्पर्य, सामायिक अनुभव ही लेखकाची मालमत्ता नसून त्याच्याकडे असलेली ठेव आहे. ठेव वापरता येते, तिच्यावर व्याजही मिळवता येते. ती दुसऱ्याची आहे, हे मात्र विसरता येत नाही. सहप्रवाशाची संमती घेतली, नाव बदलले, तपशील तपासले, एवढ्याने ही जबाबदारी संपत नाही. ‘असे घडले नव्हते’ किंवा ‘असे घडले, पण मला ते असे वाटले नव्हते’ असे म्हणण्याची जागा दुसऱ्यासाठी मजकुरात मोकळी ठेवणे, ही तिची किमान अट होय. समीक्षकाचे कामही येथूनच सुरू होते: प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबून त्यात किती जण बोलत आहेत, हे मोजण्याचे.