वेठ कोणाची?

आम्ही वारकरी, आणि तरीही लहानपणापासून आम्हांस चंद्रावर जाण्याच्या गोष्टींचे वेड आहे, ही कबुली आधीच देऊन टाकतो. आमच्या घरी ज्ञानेश्वरीच्या खालच्या फळीवर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची पुस्तके असत. व्हर्नने १८६५ साली तोफेच्या गोळ्यात तीन माणसे बसवून चंद्राकडे धाडली होती. पुढे जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आल्या. त्या तर आम्ही दिंडीच्या मुक्कामावर बॅटरीच्या उजेडात वाचल्या आणि विणेकरी बुवांच्या शिव्याही खाल्ल्या. असो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी, निज श्रावणात, घाटकोपरच्या आमच्या मंदिरात सायंकाळी हरिपाठाला मंडळी जमली होती. त्याच वेळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरणार होते. एका तरुण टाळकऱ्याने मोबाईल खांबाला टेकवून ठेवला. एक वृद्ध बुवा म्हणाले, "अरे, देवाच्या दारी हे कशाला?" तो म्हणाला, "बुवा, पाचच मिनिटं. यातलं थोडं आपल्या शेजारचंच आहे." खोटे नव्हते ते. त्या अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात दोन विकास इंजिने होती, आणि विकास इंजिनांचे काम गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात होते. विक्रोळी म्हणजे आमच्या पुढचे स्टेशन. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरले. बुवांनीच सर्वांच्या आधी टाळी वाजवली, आणि मग हरिपाठ जरा चढ्या आवाजात झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्या तरुणाचे आम्हांस प्रश्न सुरू झाले. विक्रमातून उतरलेली प्रज्ञान ही सव्वीस किलोची, सहा चाकांची गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर चाले. म्हणजे तासाला छत्तीस मीटर! आपली म्हातारी माणसेसुद्धा वारीत तिला मागे टाकतील. पण तिथे हवा नाही, पाणी नाही, आणि रात्र आपल्या चौदा दिवसांची. अशा जागी ती शंभर मीटरच्या वर चालली, मातीत गंधक आहे हे तिने शोधून काढले, आणि २ सप्टेंबरला तिला निजवले. २२ तारखेला पुन्हा उठवू पाहिले तेव्हा ती उठली नाही. तरुण म्हणाला, "काका, थकली नाही, मजुरी मागितली नाही, फळाची आशा धरली नाही. गीतेतला कर्मयोगी म्हणतात तो हाच की!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही म्हणालो, बाबा रे, उपाशी माणसाने आपले ताट दुसऱ्यापुढे सरकवले तर तो त्याग झाला. ताटाला मुळात भूकच नसते, म्हणून कोणी ताटाला विरक्त म्हणत नाही. ज्याला फळ हवेसे वाटू शकते त्यानेच ते सोडायचे असते. यावर तो गप्प बसेल असे आम्हांस वाटले, पण तो वारकऱ्याचाच पोरगा. म्हणाला, "मग पैठणात रेडा वेद कसा बोलला? आळंदीची भिंत कशी चालली? जडाकडून काही होतच नाही, असं आपणच कुठं मानतो?"

यावर आम्हांस आठ दिवस उत्तर सुचले नाही. मग ध्यानात आले की, रेड्याच्या गोष्टीतला निम्मा भाग आपण सगळेच विसरतो. रेडा बोलला हे सर्वांना पाठ असते. पण त्या रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तेव्हा वळ ज्ञानोबारायांच्या पाठीवर उठले, असेही परंपरा सांगते. मुक्या प्राण्याच्या तोंडून शब्द काढणे ही थोरवी आहेच. आम्हांस मात्र त्या वळांची मोठी वाटते. यंत्र पुढेमागे वेद म्हणेल, बोलणारी यंत्रे आता घरोघरी आलीही आहेत. दुसऱ्याच्या पाठीवरचा आसूड त्याच्या पाठीवर उमटेल काय, हे आम्ही विचारतो. आणि यंत्राचे राहू द्या, आमच्या पाठीवर तरी तो उमटतो काय?

हे विनाकारण म्हणत नाही. 'रोबो' हा शब्द कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले, त्यात माणसाची कामे करणारे कृत्रिम मजूर होते. त्यांस नाव काय द्यावे म्हणून तो अडला, तेव्हा त्याच्या चित्रकार भावाने हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराची फुकट करावयाची सक्तीची कामे. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे: वेठ. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगारच. त्या नाटकात हे वेठबिगार अखेरीस धन्यांवर उठतात. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतही मदतीसाठी घडवलेला यंत्रमानव माणसाच्या मुळावर येऊ पाहतो. या गोष्टी आम्ही मोठ्या आवडीने वाचल्या. पण आता वाटते, हे भय यंत्राचे नाहीच. ज्याने दुसऱ्याला राबवून घेतले त्याला रात्री झोप लागत नाही, त्यातले ते भय आहे.

वेठ म्हटली की वारकऱ्याला चोखोबा आठवले पाहिजेत. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते. असली कामे त्या काळी महारांच्याच माथी. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी कशा ओळखाव्या? नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरीस आणली, असे सांगतात. महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. आपण सारे तिथे डोके टेकतो. पण नामाचा हा महिमा सांगताना, तो माणूस मेला तो वेठीच्या कामावर, ही गोष्ट कीर्तनात फार कमी वेळा येते.

प्रज्ञानची आणखी एक हकिकत सांगावयाची राहिली. २७ ऑगस्टला तिच्या वाटेत चार मीटर रुंदीचा खड्डा आला. तीन मीटरवरून तो दिसला आणि तिला मागे फिरण्याची आज्ञा गेली. सव्वीस किलोच्या यंत्राची केवढी काळजी! योग्यच होती ती. पण याच देशात माणसे गटारात उतरतात, आणि त्यांना मागे फिरा म्हणणारा कोणी नसतो. आत जो वायू जीव घेतो तो हायड्रोजन सल्फाईड. चंद्रावर जे गंधक सापडले म्हणून आपण पेढे वाटले, तेच गंधक त्यात असते. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू फार असला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते आता ठीक आहे.

२०१५ साली केरळात कोळीकोड शहरी दोन मजूर असे आत अडकले. रस्त्यावरचा एक रिक्षावाला त्यांना काढायला उतरला, आणि तिघेही गेले. त्या रिक्षावाल्याच्या पाठीवर वळ उठले होते, असे आम्ही म्हणू. त्याच केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ साली गटार साफ करणारे यंत्र आणले, त्याचे नाव बँडिकूट. म्हणजे आपली घूस. ते वरून हात खाली सोडते आणि गाळ उपसून आणते. चंद्रावरच्या गाडीइतकेच आम्हांस या घुशीचे कौतुक वाटते, खरे तर काकणभर जास्तच. कोणी म्हणतील, यंत्र आले तर त्या माणसाच्या पोटाचे काय? त्याच माणसाला ते चालवायला शिकवता येते, आणि तसे शिकवलेही आहे. पोटाची ही कळकळ नेमकी यंत्राचे पैसे द्यायची वेळ आली की का दाटून येते, ते मात्र ज्याचे त्याने पाहावे.

कायदाही आहे. सुरक्षेच्या साधनांवाचून कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. चंद्रावर उतरून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

आता आमचीच गोष्ट. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या मागचे ड्रेनेजचे चेंबर तुंबले. यंत्राची गाडी आणायची तर पैसे तिप्पट आणि दोन दिवस वाट पाहायची. सभा झाली. माणूस बोलवावा, याच्या बाजूने हात वर झाले, त्यात आमचाही होता. चंद्रयात्रेची पुस्तके वाचणारा, कायदा ठाऊक असलेला, तोच हा हात.

सकाळी दोघे आले. एक वर थांबला, दुसरा उतरायच्या तयारीत होता. तोंडाला नुसता रुमाल. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या गळ्यातली त्याने पाहिली, आणि आपली उतरवून आमच्यापुढे धरली. "माउली, एवढी धरा. आत नको न्यायला." आम्ही ओंजळ केली. माळ घामाने ओली होती. त्या वेळी 'नको उतरू' असे शब्द आमच्या तोंडी आले होते. पण मागे सेक्रेटरी उभे होते, दुसऱ्या मजल्यावरून बायका पाहत होत्या, पाण्याची बोंब होती, आणि आम्ही बोललो नाही.

तो सुमारे वीस मिनिटे खालीवर करीत होता. त्या वेळात आम्ही किती नाम घेतले ते सांगत नाही. ते कोणासाठी घेत होतो ते आम्हांस ठाऊक आहे. तो वर आला. नळावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा धुतले, मग माळ मागून घेतली आणि गळ्यात घातली. आणि वारकरी वारकऱ्याला भेटला की करतो तसा, तो आमच्या पायांशी वाकला. त्याचे कपडे निथळत होते. आम्हांस वाकावयास क्षणभर उशीर झाला. तोवर तो उठून बादली उचलून निघालाही होता.